नमुना कुटुंब, वेळ दहा ते साडेपाच

घर नसलेल्या माणसाला सर्वांत आधी गरज असते ती सल्ल्याची. ही गोष्ट घर असलेल्या माणसांच्या फार पूर्वीच लक्षात आली होती. शासनाच्या लक्षात अलीकडे आली. घर हे विटा, सिमेंट, लोखंड अशा नाशवंत पदार्थांचं असतं. त्याला ओल येते, तडे जातात, आणि एका घरात एकच कुटुंब मावतं. सल्ल्याला ओल येत नाही. एकच सल्ला हजार कुटुंबांना देता येतो आणि देऊन झाल्यावरही तो देणाऱ्याजवळ जसाच्या तसा शिल्लक राहतो. दोहोंपैकी काय वाटावं, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. (लागलाच तर त्याचं मानधन योजनेत धरलेलं आहे.)

या विचारातून 'निवारा समुपदेशन अभियान' जन्माला आलं. अभियानाच्या अनुदानाचे तीन भाग होते. पहिला, बेघरांचं आणि बेघर होऊ घातलेल्यांचं समुपदेशन. दुसरा, समुपदेशन करणाऱ्यांचं प्रशिक्षण. तिसरा, प्रशिक्षण देणाऱ्यांचं प्रशिक्षण. चौथा भाग नव्हता. काही उतावळे लोक विचारत, यात घर कुठे आहे? मार्गदर्शक पुस्तिकेच्या पहिल्याच पानावर उत्तर होतं : 'घर हा अभियानाचा अंतिम परिणाम असून तो अभियानाच्या कक्षेबाहेर आहे.' इतकं स्वच्छ बोलणं मी सरकारी कागदावर दुसरं पाहिलेलं नाही, आणि मी नागपूरच्या सदर भागात झेरॉक्सचं दुकान चालवतो, म्हणजे पाहण्यात कसूर केलेली नाही.

नागपुरात हे अनुदान 'चार भिंती प्रतिष्ठान' या संस्थेला मिळालं. संस्थेचे संचालक वैभवराव. त्यांचे वडील गुलाबचंद उमरेडला हातमागावर लुगडी विणायचे. वैभवराव प्रस्ताव विणतात. उभा धागा शासनाच्या धोरणाचा, आडवा स्थानिक गरजेचा, आणि काठाला जरीचा धागा म्हणून एखादा सुविचार. माल पक्का असतो, आजवर कुठल्याही मंत्रालयात रंग गेलेला नाही. त्यांचं बोलणं प्रमाण मराठीत असतं. फक्त घाबरले की ते उमरेडचे होतात.

संस्थेला एक समुपदेशक नेमायचा होता. ती जागा दीक्षाला मिळाली.

दीक्षा माझ्या दुकानासमोरच्या गल्लीत राहायची. मधुकरराव नावाच्या सद्गृहस्थांचं तिथे एक कौलारू घर आहे. मालक स्वतः मुलाकडे धरमपेठेत राहतात. सदरच्या या घरात दोन खोल्या, एक स्वयंपाकघर आणि अंगणात कडुनिंब. त्यात देवरावांचं कुटुंब भाड्यानं राहत होतं. देवराव म्हणजे दीक्षाचे सासरे. उभी हयात त्यांनी कोराडीच्या वीज केंद्रात ठेकेदाराकडे राख उपसण्यात घालवली. सासू भीमाबाई, यांच्या जिभेला धार लावायची गरज पडत नाही. नवरा अश्विन कूलर दुरुस्त करतो. उन्हाळ्यात त्याला जेवायला वेळ नसतो आणि उरलेलं वर्ष तो उन्हाळ्याची वाट पाहतो. दीक्षानं समाजकार्याची पदवी घेतली होती. समाज अशा माणसांना सहसा काम देत नाही, त्यामुळे या नोकरीचा घरात आनंद झाला आणि माझ्या दुकानात पेढे आले.

मुलाखतीत वैभवरावांनी तिला एकच प्रश्न विचारला होता.

"तुम्ही स्वतः कधी बेघर होता?"

"नाही, सर."

"हरकत नाही," ते उदारपणे म्हणाले, "प्रशिक्षणाच्या काळात ते होऊन जाईल."

त्यांना म्हणायचं होतं ते नाट्यीकरणाबद्दल. पण मोठ्या माणसांचे शब्द वाया जात नाहीत.

प्रशिक्षण निवासी होतं. निवारा नसण्याचं दुःख समजायचं तर आधी चांगला निवारा अनुभवला पाहिजे, म्हणून रामटेकला गडाच्या पायथ्याशी एक रिसॉर्ट घेतलं होतं. पुण्याहून आलेल्या प्रशिक्षकांनी समुपदेशकांना मान हलवण्याचे तीन प्रकार शिकवले : ऐकल्याचं दाखवणारी, समजल्याचं दाखवणारी, आणि वेळ संपल्याचं सुचवणारी. 'घर नाही' असं कधीही म्हणू नये, 'घर प्रक्रियेत आहे' असं म्हणावं, हेही शिकवलं. दुसऱ्या दिवशी बेघरांची भूमिका करायला कोणी तयार होईना, तेव्हा बेघरांना वातानुकूलित खोली मिळेल असं जाहीर झालं आणि मग चिठ्ठ्या टाकाव्या लागल्या. पुस्तिकेचं चौथं प्रकरण भाडेकरूंच्या कायदेशीर हक्कांचं होतं. ते दुपारी जेवणानंतर आलं. सगळे खिंडसीच्या तलावावर नौकाविहाराला गेले, कारण कार्यक्रमपत्रिकेत तेही त्याच वेळी होतं. दीक्षाला पाण्याची भीती वाटते. ती खोलीत बसून चौथं प्रकरण वाचत राहिली. (तिची त्या सत्रातली हजेरी लागलेली नाही. हजेरीपट नावेत होता.)

शेवटच्या दिवशी प्रमाणपत्र मिळालं. त्याची सुरळी करून, सासूसाठी गडावरची बोरं घेऊन ती बसनं परत आली, तर दारात पोती.

"आत्याबाई, सामान काहून बांधून राहिल्या?"

"मधुकरराव येऊन गेले," भीमाबाई म्हणाल्या. "घर खाली करा म्हणे. मोठा भाडेकरू भेटला म्हणे त्याईले."

"कोण?"

"मले का मालूम वं? कोनतं तरी हापिस हाये. ज्याईले घर नाही त्याईले सल्ला देते म्हणे." भीमाबाईंनी ताटं पोत्यात कोंबली. "म्या म्हटलं, इचारून पाहा, आमाले देते का थोडासा."

अश्विन भिंतीवरून बाबासाहेबांचा फोटो उतरवत होता. त्यानं तो पुसून जपून उशीच्या खोळीत घातला आणि बायकोकडे न बघता म्हणाला, "तुयंच हापिस हाय ते."

दीक्षानं तिथूनच वैभवरावांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं (मानेचा प्रकार फोनवर कळला नाही) आणि त्यांना मनापासून आनंद झाला. "अरे वा! म्हणजे जागा तुमच्या पाहण्यातली आहे. आम्ही बाकी लोकांना पत्ता समजावून दमलो."

आता कोणी म्हणेल, देवरावांनी भांडायला हवं होतं. पण देवराव जुन्या चालीचा माणूस. त्यांचा आणि मधुकररावांचा सगळा व्यवहार तोंडी चालायचा. अश्विनच्या लग्नात मधुकरराव पंगतीला होते, मधुकररावांची आई गेली तेव्हा देवराव घाटावर होते. दीक्षा चौथं प्रकरण उघडायला गेली, तर त्यांनी पुस्तिका मिटली आणि एवढंच म्हटलं, "ज्याचं घर, त्याचं घर. तो ऊठ म्हणाला, आपण उठलो. आपण का चोर हाओ?" मग ते कडुनिंबाखाली जाऊन बसले.

जायला आठवडा मिळाला होता, तेवढ्यात अश्विन आणि दीक्षानं खोली शोधायला सुरुवात केली. नागपूरच्या घरमालकांबद्दल बाहेर फार गैरसमज आहेत, म्हणून इथे सांगितलं पाहिजे की ही अतिशय प्रेमळ माणसं आहेत. दारात आलेल्याला ती उभं ठेवत नाहीत. आधी माठातलं पाणी, मग पंखा, मग चौकशी. मोहन नगरच्या यमुताईंनी तर दोघांना लिंबाचं सरबत दिलं, वरची खोली दाखवली, नळाची वेळ सांगितली, गच्चीवर पापड घालायची परवानगीसुद्धा दिली.

"नाव काय म्हणालात?"

"अश्विन. ही दीक्षा."

"वा, गोड नावं आहेत. आणि पुढे?"

अश्विननं पुढचं सांगितलं. यमुताईंनी ग्लास उचलले, आत नेऊन ठेवले आणि बाहेर आल्या तेव्हा त्यांना आठवलं की त्यांचा भाचा अमरावतीहून बदलून येणार आहे.

भाचा हा नागपूरच्या गृहव्यवस्थेचा कणा आहे. त्या एका आठवड्यात, मी अश्विनकडून ऐकलेल्या हकिकतींनुसार, शहरातल्या घरमालकांचे एकूण अकरा भाचे बदलून यायचे होते. पैकी चार अमरावतीहून, तीन पुण्याहून, दोन अकोल्याहून, एक इंदूरहून आणि एक (मालकाच्या लक्षात नव्हतं) कुठूनसा. यांतला एकही भाचा अद्याप नागपुरात उतरल्याची नोंद नाही. एका मालकाला बहीण नव्हती, हे त्यानंच पाणी देताना सांगितलं होतं. दीक्षानं तसं दाखवून दिल्यावर तो क्षणभर गोंधळला, पण माणूस हुशार, त्यानं भाचा बदलून पुतण्या केला.

शेवटी कोराडीला, देवरावांबरोबर राखेवर काम केलेल्या अंकुश नावाच्या जुन्या सोबत्यानं आपल्या घरामागची टिनाची खोली दिली. आडनाव त्याला माहीत होतं, तेच त्याचंही होतं. खोलीत वीज होती, पाणी अंकुशच्या नळावरून आणायचं होतं, राख मोफत. भीमाबाई सकाळी वाळत घातलेलं पांढरं लुगडं दुपारी करडं काढत.

इकडे केंद्राचं उद्घाटन झालं. वैभवरावांनी भाषणात सांगितलं की या वास्तूनं आजवर एका कुटुंबाला आधार दिला, यापुढे ती हजारोंना देईल. मी स्थानिक सल्लागार समितीवर असल्यामुळे (झेरॉक्स उधारीवर मिळावी म्हणून मला घेतलं होतं) पहिल्या रांगेत होतो आणि मी टाळ्या वाजवल्या. पुढची खोली संचालकांचा कक्ष झाली, मधली प्रतीक्षालय, आणि समुपदेशन कक्षासाठी स्वयंपाकघर उरलं. ओट्यावर प्लायवूड ठोकून टेबल केलं. पहिल्याच दिवशी दीक्षाचा हात सवयीनं चहाच्या डब्याकडे गेला, तर हाताला रबरी शिक्का लागला. तिनं तो परत ठेवला आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. बाहेर कडुनिंबाखाली देवराव बसले होते.

ते रोज येत. टिनाखाली दुपारी बसवत नाही, म्हणून सकाळच्या बसनं सदरला यायचं, कडुनिंबाखाली बसायचं, संध्याकाळी सुनेबरोबर परत जायचं. पहिल्या आठवड्यात केंद्राकडे दुसरं कोणीच फिरकलं नाही. ज्यांना घर नाही ती माणसं दिवसा कामावर असतात, आणि काम संपतं तेव्हा केंद्र बंद होतं. हा दोष त्या माणसांचा. वैभवरावांची नजर कडुनिंबाकडे गेली.

"दीक्षाताई, हे गृहस्थ बेघर आहेत ना?"

"माझे सासरे आहेत, सर."

"ते नातं झालं. मी दर्जा विचारतोय."

नातेवाइकाचं समुपदेशन करू नये असा नियम आहे. पण केंद्रात दुसरा समुपदेशक नव्हता आणि दुसरा बेघर नव्हता, तेव्हा नियमानंच समजूतदारपणा दाखवला. देवरावांना आत बोलावलं. ते चपला बाहेर काढून, आपल्याच स्वयंपाकघरात, प्लास्टिकच्या खुर्चीच्या अगदी कडेला बसले. शिकवल्याप्रमाणे दीक्षानं विचारलं,

"आपलं पूर्वीचं निवासस्थान?"

"हेच."

"सोडण्याचं कारण?"

"तुमचं हापिस येऊन राह्यलं होतं."

दीक्षानं लेखणी खाली ठेवली. देवरावांनाच तिची कीव आली. "लिह्य वं," ते हळूच म्हणाले. "नोकरी हाय तुयी. लिह्य, 'वैयक्तिक अडचण.'"

नियमित येणाऱ्या लाभार्थ्याला पुस्तिकेत 'सातत्यपूर्ण समुपदेशन' असा सन्मानाचा शब्द आहे. पहिल्या तिमाहीत केंद्रानं देवरावांना एकसष्ट वेळा समुपदेशन केलं. त्यामुळे दर बेघरामागे सल्ल्याचं प्रमाण काढलं तेव्हा नागपूर केंद्र सगळ्या केंद्रांत वर आलं आणि दुसऱ्या हप्त्याचं अनुदान सुटलं.

दुसऱ्या हप्त्यात 'नमुना निवास कक्ष' होता. सल्ला घ्यायला आलेल्या माणसाला आपल्याला नक्की काय नाही ते डोळ्यांनी दिसावं, हा हेतू. वैभवरावांनी मधल्या खोलीत पलंग, कपाट, भांडी, प्लास्टिकची फुलं असं सगळं मांडलं. छान दिसत होतं, पण दुकानासारखं. पुस्तिकेत तर स्पष्ट होतं की कक्ष 'वापरात असल्यासारखा भासावा'. तपासणीला मुंबईहून अधिकारी येणार होत्या. वैभवराव दोन दिवस विचारात होते. तिसऱ्या दिवशी ते देवरावांजवळ कडुनिंबाखाली उकिडवे बसले.

अशा रीतीनं देवराव आणि भीमाबाई यांची 'नमुना कुटुंब' म्हणून नेमणूक झाली. वेळ सकाळी दहा ते संध्याकाळी साडेपाच. रविवार, दुसरा आणि चौथा शनिवार सुट्टी. या वेळात त्यांनी घरात घरच्यासारखं राहायचं. साडेपाचला शिपाई कुलूप लावणार, तेव्हा बेघर होऊन कोराडीची बस पकडायची.

"आपल्याच घरात नाटकवाल्यासारखं जाचं?" भीमाबाई आधी भडकल्या. मग म्हणाल्या, "चाला. तिथं लुगडं तरी पांढरं राह्यते." पहिल्याच दिवशी त्यांनी प्लास्टिकची फुलं कपाटामागे टाकली, उशीच्या खोळीतला फोटो काढून जुन्या खिळ्यावर लावला आणि केंद्राच्या स्टोव्हवर आलूपोहे केले. वास गल्लीत आला आणि केंद्राची गर्दी वाढली. समितीच्या वतीनं मीही रोज पाहणी करू लागलो.

एरवी प्रयोग उत्तम चालला होता. शाळांच्या सहली येऊन गेल्या. एका महाविद्यालयाच्या मुलींनी देवराव झोपलेले असताना टिपणं घेतली. फक्त संध्याकाळ कठीण जाई. शिपाई बंटी (वय बेचाळीस) साडेपाचला किल्ल्या वाजवत यायचा. मग देवराव पलंगावरून उठायचे, चादर सारखी करायचे, चष्मा खिशात घालायचे. दिवसेंदिवस त्यांना उठायला जास्त वेळ लागू लागला. दीक्षा दाराशी पाठ करून उभी राहायची.

तपासणीच्या दिवशी मुंबईच्या मॅडमचं विमान उशिरा आलं. त्या केंद्रात पोचल्या तेव्हा बंद व्हायला थोडाच वेळ उरला होता. त्यांनी कागद पाहिले आणि मग त्या नमुना कक्षात आल्या. भीमाबाई तांदूळ निवडत होत्या. मॅडम हरखल्या.

"किती खरं वाटतं हो! आजी, इथे कसं वाटतं तुम्हाला?"

"दिवसा बरं वाटते."

"आणि रात्री?"

"रात्री आमी कोराडीले बेघर राह्यतो."

"भूमिकेत फार शिरल्यात त्या," वैभवराव हसून म्हणाले.

तेवढ्यात किल्ल्या वाजल्या. "चाला काका, टाइम झाला," बंटी म्हणाला.

देवराव पलंगावर आडवे होते. त्यांनी डोळे उघडले, छताकडे पाहिलं आणि पुन्हा मिटले.

"मी नाही उठत गा."

"काहून?"

"थकलो."

"रिक्षा बोलावू का?" वैभवराव पुढे झाले.

"जाण्यायेण्यानं नाही थकलो, साहेब. उठण्यानं थकलो." देवराव उठून न बसताच बोलत होते, आवाज चढलेला नव्हता. "माणूस घरातून एकडाव उठते, चौघाईच्या खांद्यावर. मले तुमी रोज उठवून राह्यले."

भीमाबाईंचा सुपावरचा हात थांबला. मॅडमनी वैभवरावांकडे पाहिलं आणि वैभवराव एका क्षणात उमरेडला पोचले.

"दीक्षाताई, समजवा ना जी त्याईले! मॅडम पाहून राह्यल्या!"

"म्हणजे समुपदेशन करू, सर?"

"करा ना जी! त्याचीच त पगार हाय तुमाले!"

दीक्षानं प्लास्टिकची खुर्ची पलंगाजवळ ओढली. मार्गदर्शक पुस्तिका आणली. मी दारातून पाहत होतो. तिनं आवाज सरकारी काढला होता.

"देवरावजी, आपण या घरात केव्हापासून भाड्यानं राहत होता?"

"अश्विन झाला नवता तवापासून."

"घर सोडण्याबद्दल आपल्याला लेखी नोटीस मिळाली होती?"

"तोंडानं सांगतलं."

"कोर्टाचा हुकूम?"

"कोर्ट कायले येते वं मधात?"

"येतं," दीक्षा म्हणाली. "पुस्तिकेच्या चौथ्या प्रकरणात दिलेलं आहे. मालकाला भाडेकरू काढायचा असेल तर त्यानं कोर्टात जायचं असतं. कोणी ऊठ म्हटलं म्हणून उठायचं नसतं. तुम्ही उठलात, तो तुमचा चांगुलपणा होता." इथे तिचा आवाज सरकारी राहिला नाही. "चांगुलपणा परत घेता येतो, मामाजी."

देवरावांनी मान वळवून तिच्याकडे पाहिलं. "मंग मी आता का करू?"

"झोपा."

आणि देवराव खरोखरच कुशीवर वळून झोपले.

मॅडम अनुभवी होत्या. असल्या पेचातून वाट काढल्याशिवाय माणूस त्या पदावर पोचत नाही. हे समुपदेशन चुकीचं म्हणावं, तर पुस्तिका चुकीची ठरत होती, आणि पुस्तिकेवर त्यांच्याच विभागाची सही होती. बरोबर म्हणावं, तर लाभार्थ्याला उठवता येत नव्हतं. त्यांनी भीमाबाईंकडून पोहे घेतले, ते खात थोडा विचार केला आणि शेऱ्यात लिहिलं : 'समुपदेशनाअंती लाभार्थी कुटुंब घरात राहू लागले.' अभियान सुरू झाल्यापासून असं वाक्य कोणाला लिहायला मिळालं नव्हतं. त्यांनी ते दोनदा वाचलं.

दुसऱ्या दिवशी सकाळीच मधुकरराव स्कूटरवर आले. देवराव अंगणात दात घासत होते.

"देवराव, हे काय चाललंय? आपलं बोलणं झालं होतं ना?"

"झालं होतं ना, मधुकरराव," देवराव चूळ भरून म्हणाले. "पण तवा मी सल्ला न घेता बोललो होतो. आता मले सल्ला भेटला. एकसष्ट खेपा भेटला."

मधुकरराव वकिलांकडे गेले. दोन वकिलांनी मिळून तीन मतं दिली आणि तिन्हींत वर्षं फार लागत होती. शेवटी मधली खोली आणि स्वयंपाकघर देवरावांकडे, पुढची खोली संस्थेकडे, असं ठरलं. या वेळी दीक्षानं ते लिहून घेतलं आणि झेरॉक्स माझ्याकडे काढली. भाडं दोन्हीकडून येऊ लागल्यामुळे मधुकररावांचाही समुपदेशनावर विश्वास बसला आहे. अश्विननं अंगणात कूलरचं दुकान मांडलं.

दीक्षाला शासनाकडून एकाच लिफाफ्यात दोन पत्रं आली. एकात उल्लेखनीय कामगिरीबद्दल अभिनंदन होतं. दुसऱ्यात, घर मिळवून देणं कर्तव्यसूचीत नसताना ते का मिळवून दिलं, याचा खुलासा मागितला होता. दोन्हींवर तारीख एकच, सहीही एकच. भीमाबाई म्हणाल्या, "पह्यलं भिंतीवर लाव, दुसऱ्याले कोण इचारते वं." दीक्षानं दोन्हींना उत्तर दिलं, दोन ओळींचं : चौथं प्रकरण वाचलं म्हणून.

वैभवरावांना मात्र दिल्लीचं बोलावणं आलं. त्यांच्या यशाला आता 'नागपूर प्रारूप' म्हणतात आणि इतर जिल्ह्यांचे समुपदेशक ते शिकायला रामटेकला येतात. प्रारूप सोपं आहे. आधी घर असलेलं एक कुटुंब निवडावं. केंद्रासाठी त्याचंच घर भाड्यानं घ्यावं. कुटुंब बाहेर पडलं की त्याचं समुपदेशन करावं, आणि योग्य वेळी ते घर त्याला परत मिळू द्यावं. यशाचं प्रमाण शंभर टक्के. ज्यांच्याकडे मुळात घरच नाही अशांना या प्रारूपात घेता येत नाही, कारण त्यांना परत काय मिळणार? त्यांच्यासाठी वेगळा अभ्यासगट नेमला आहे. त्याचं प्रशिक्षण सुरू आहे.

दीक्षाची नोकरी टिकली. आता ती पुढच्या खोलीत बसते आणि केंद्र संध्याकाळी उघडं ठेवते, त्यामुळे कामावरून सुटलेली माणसं येऊ लागली आहेत. आणि ती एक नियमबाह्य गोष्ट करते. रविवारी ती आलेल्या माणसांबरोबर स्वतः खोल्या पाहायला जाते. पुस्तिकेत याला शब्द नाही.

सध्या ती रुखमाबाईंसाठी खोली शोधते आहे. रुखमाबाई एका वसतिगृहाच्या खानावळीत पोळ्या लाटतात. भाडं वेळेवर देतील, याची हमी दीक्षा स्वतः देते. आज सकाळी त्या दोघी तुमच्याकडे आल्या होत्या. फाटकावर 'खोली भाड्याने देणे आहे' अशी पाटी होती म्हणून. तुम्ही चांगलं वागलात. खुर्च्या दिल्या, पंखा लावला, नावं विचारलीत. मग पुढचं विचारलंत. मग म्हणालात, घरात विचारून कळवतो. घरात त्या वेळी तुमच्याशिवाय कोणी नव्हतं.

त्या गेल्यावर तुम्हाला जरा चुटपुट लागली आणि काहीतरी हलकंफुलकं वाचावं म्हणून तुम्ही हे हाती घेतलंत. यमुताईंना तुम्ही योग्य ठिकाणी हसलात, माझी तक्रार नाही. पण रुखमाबाईंचा गुडघा दुखतो, त्या हळू चालतात, आणि रविवारी तुमच्याकडच्या बसचा काही नेम नसतो. अजून थांब्यावरच असतील. गॅलरीतून हाक मारलीत तर ऐकू जाईल.